अकरावी गासडी

३ मार्च

चष्म्याच्या दुकानाचे मालक यांस,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि विचारायची हौसही नाही. तुमच्या बहिणीच्या पिशवीत चष्म्याची डबी सापडली, तिच्यावर दुकानाचा पत्ता छापलाय. फोन नंबर पुसून गेलाय आणि तिला विचारला तर "दादा रागावेल" म्हणून सांगत नाही, म्हणून पत्र. बहीण तुमचीच ना? चोपन्न वर्षांची, अंगानं काडी, तोंड उघडलं की आधी माफी मागणारी. घरी तिला बेबी म्हणतात म्हणे. चोपन्नाव्या वर्षी बेबी! आमच्या गल्लीत मांजरीलासुद्धा वयाला शोभेल अशी हाक मारतात.

तर ही बेबी सायकलवरून एकटी समुद्र बघायला निघाली होती. गुरुवारी उतारावर खडीवरून घसरली. डाव्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं, गुडघा फुटला. मागून कापसाचा ट्रक येत होता. ड्रायव्हरनं आधी तिला पोटभर शिव्या घातल्या, मग उचलून केबिनमध्ये बसवलं, सायकल मागे टाकली आणि सगळा माल माझ्या दारात आणून उतरवला, कारण कापूस माझा होता. मी गाद्या करते. दहा गासड्या मागवल्या होत्या, अकरावी ही आली. परत पाठवायची म्हटलं तर ड्रायव्हर कधीच पसार.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं खांद्याला पट्टा आवळला, हात झोळीत अडकवला आणि म्हणाला, दोन-तीन आठवडे प्रवास नको, हात तर त्याहून जास्त दिवस जपायचा. मी म्हटलं, मग ठेवून घ्या. म्हणाला, एवढ्यासाठी खाट अडवता येत नाही. आता ती दुकानामागच्या खोलीत पडली आहे. गाद्यांचा तुटवडा नाही, एवढाच तिचा फायदा.

मी दयाळू वगैरे नाही. मला माणसं आवडत नाहीत, गिऱ्हाइकं तर मुळीच नाहीत. तेव्हा उगाच आभार मानू नका. या आणि घेऊन जा.

गादीवाली
(पत्ता पाकिटावर आहे)


९ मार्च

गादीवाल्या बाई यांस,

आपले पत्र पोचले. भाषेवरून आपल्यावरील संस्कारांची कल्पना आली.

सदर स्त्री आमची धाकटी बहीण आहे, हे खरे. ती कोणालाही न विचारता, माझ्या मुलाची जिन्याखाली पडलेली सायकल घेऊन, ऐन हंगामात दुकान वाऱ्यावर सोडून निघून गेली. आम्ही तिला कधीही काही कमी पडू दिले नाही. आई-वडील गेल्यानंतर तिला घराबाहेर काढण्याचा विचारसुद्धा आमच्या मनाला शिवला नाही. त्याचे हे पांग तिने फेडले.

रस्त्याच्या कडेची माणसे अनोळखी बाईला घरात का घेतात, हे न कळण्याइतके आम्ही दूधखुळे नाही. आपल्या मनात काही अपेक्षा असल्यास ती विसरावी. फोन करण्याच्या भानगडीत पडू नये. जे असेल ते लेखी असावे.

आम्ही न्यायला येणार नाही. ज्याचे त्याने निस्तरावे. बरी झाली की बसने यावे, दार उघडे आहे असे तिला सांगावे.

मात्र, लेन्सच्या कपाटाची किल्ली तिने कोठे ठेवली आहे ते तातडीने विचारून कळवावे. बारका स्क्रू-ड्रायव्हरही सापडत नाही.

बेबीचा थोरला भाऊ


१४ मार्च

थोरले भाऊ,

किल्ली गल्ल्याच्या मागे खिळ्याला आहे. स्क्रू-ड्रायव्हर तुमच्याच टेबलाच्या खणात. हे सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, "दादाला राग नाही ना आला?" मी कपाळाला हात लावला.

अपेक्षेचं म्हणाल, तर एक होती. बहिणीचा खांदा कसा आहे असं तुम्ही एका ओळीत विचाराल, असं मला वाटलं होतं. पत्र उलटंपालटं करून बघितलं, पाकिटात फुंकर मारून बघितली. किल्ली निघाली.

असो. खांदा ठीक आहे. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मुद्दाम सांगते.

तुमची बहीण हा काय प्रकार आहे, मला कळत नाही. सकाळी उठते, एका हातानं अंथरुणाची घडी घालते आणि दारात येऊन उभी राहते. "काय हवंय?" म्हटलं, तर "काय करू सांगा" म्हणते. "काही करू नका, बसा." बसते, पण खुर्चीच्या टोकावर, आत्ता कोणीतरी उठवेल अशी. तुमच्या घरी खुर्च्या कमी आहेत की बसणारे जास्त?

आणि बडबड! इथवर येताना तिला म्हणे सगळी देवमाणसंच भेटली. एका खाणीवरच्या बाईनं स्वतःची खाट दिली आणि स्वतः जमिनीवर झोपली. एका शाळेच्या पहारेकऱ्यानं वर्ग उघडून दिला, सकाळी अंघोळीला गरम पाणी आणून ठेवलं. लाकडाच्या वखारीतला एक म्हातारा रस्ता दाखवायला तिच्याबरोबर चालत आला, तोही सायकल हातात धरून, का तर बाई दमली असेल. माझा यातल्या एका शब्दावर विश्वास नाही. जगात इतकी चांगली माणसं असती, तर एखादं चुकून माझ्या वाट्यालाही आलं असतं.

समोरचा पंक्चरवाला रोज येऊन तिची टिंगल करतो. सायकल बघितली आणि म्हणाला, "बाई, ही चेन आहे का गंजाची माळ? ज्यानं तुम्हाला ही सायकल दिली, त्याला तुम्ही मेलेल्या हव्या असणार."

ती म्हणाली, "कोणी दिली नाही. मीच उचलली."

एवढं ऐकल्यावर तो खूष! वाकड्या झालेल्या चाकाची आऊट काढली, तुटलेल्या तारा बदलल्या, नवी चेन घातली आणि तोंडानं सारखं "मूर्ख बाई, मूर्ख बाई" करत गेला. किती झाले विचारलं, तर म्हणाला, "मूर्खांकडून घेतलं तर धंदा बसतो." त्याच्या धंद्याला उठायलाच कधी जमलेलं नाही, तो आणखी काय बसणार!

एक गोष्ट तिनं सहज सांगितली. समुद्र बघायला आठ दिवसांची सुट्टी हवी, असं ती जेवताना म्हणाली होती आणि सगळं घर हसलं. वहिनींना तर हसून हसून ठसका लागला. हे मला सांगतानाही ती हसत होती, तुमच्या बाजूनं. मला मात्र विनोद कळला नाही. तुम्ही शिकलेले आहात, समजावून सांगा.

गादीवाली


२१ मार्च

गादीवाल्या बाई यांस,

घरातील गोष्टी परक्यांसमोर उघड्या करण्याची बेबीची सवय जुनी नव्हे; ती आपल्या संगतीत लागली असावी. त्या दिवशीचे हसणे प्रेमाचे होते. चोपन्न वर्षांच्या बाईने, जिने आयुष्यात गाव ओलांडले नाही, असे काही म्हटल्यावर माणूस हसणार नाही तर काय करणार?

आपण तिच्या डोक्यात जे भरवत आहात त्याबद्दल स्पष्ट लिहितो. परक्यांची माया चार दिवसांची असते. नवलाई असते तोवर खाट देतील, गरम पाणी देतील. कंटाळा आला की दार दाखवतील. आपणही दाखवाल. घरचे माणूस बोलेल, टोचेल, पण शेवटपर्यंत तेच असते. बेबी भोळी आहे, तिला हा फरक कळत नाही. तो कळणाऱ्या माणसाने तिला सांभाळणे भाग आहे.

इकडे दुकानात गिऱ्हाईक आले की आधी "ताई कुठे?" विचारते. सवयीचा परिणाम, दुसरे काही नाही. काल एकाच्या फ्रेमची काडी बसवताना माझ्या हातून मोडली. अलीकडे हात किंचित कापतो. वयपरत्वे होते, त्याचे काही नाही.

माझे जावई शेवटच्या रविवारी गाडी घेऊन येतील. तोवर डॉक्टरांची मुदतही संपते. बेबीला तयार ठेवावे.

बेबीचा थोरला भाऊ


२९ मार्च, रविवार दुपार

थोरले भाऊ,

तुमचे जावई येऊन गेले. पांढरी पँट घालून गादीच्या कारखान्यात येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. बसायला सांगितलं, तर गादीवर रुमाल अंथरून बसले. नवी कोरी गादी होती ती. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत; पेल्याच्या बुडाकडे बघत राहिले. उठले तेव्हा मागून अंगभर कापूस. मी सांगितलं नाही. पंक्चरवाल्यानंही सांगितलं नाही. तो दुकान उघडं टाकून मुद्दाम बघायला आला होता.

"आत्या, चला. बाबांनी बोलावलंय."

"हो," तुमची बहीण म्हणाली.

"पटकन आवरा. ऊन व्हायच्या आत निघायचंय."

"माझा खांदा अजून..."

"गाडीत एसी आहे ना!"

हाड एसीनं जुळतं, हे आमच्या डॉक्टरला कोणीतरी कळवायला हवं.

पंक्चरवाल्यानं विचारलं, "आणि सायकल?"

"भंगारात घाला," जावई म्हणाले.

तिनं सायकलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दाभणात दोरा ओवत होते. दोरा आधीच ओवलेला होता, पण ते असो. आदल्या दिवशी मी तिच्यावर खेकसले होते, "कधी जाणार आहात? ती खोली मला लागते." मी तोंडाची तशीच आहे, सगळ्या बाजाराला माहीत आहे. या बाईला वाटलं, मी मनापासून बोलले.

"येते हं," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. जोखड दिसलं की बैल आपणहून मान खाली घालतो, तशी. जाताना जावयाच्या पाठीचा कापूस झटकून दिला, तोही एकाच धड हातानं.

मला तुमची चीड होतीच. आता तुमच्या बहिणीचीही आली. अशा माणसासाठी मी इतके दिवस जीव टाकला, म्हणजे खोली दिली, याचंच नवल वाटतं. तुमचा माल तुम्हाला मिळाला. पुन्हा पत्र पाठवू नका.

गादीवाली


६ एप्रिल

गादीवाल्या बाई यांस,

बेबी कोठे आहे?

जावई त्या रविवारी एकटेच परतले. वाटेत पेट्रोल पंपावर ती बाथरूमला जाते म्हणून उतरली ती आलीच नाही. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. पंपावरची माणसे काही माहीत नाही म्हणाली. आम्ही पोलिसांत गेलेलो नाही. दुकानाचे नाव आहे, चार लोक ओळखतात.

हे सर्व आपण शिकवलेले आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका साध्या बाईला घरातून उठवून आपल्याला काय मिळाले? ती आपल्याकडे असल्यास उलट टपाली कळवावे. नसल्यास तेही कळवावे. तिच्याजवळ गरम कपडे नाहीत.

बेबीचा थोरला भाऊ


११ एप्रिल

थोरले भाऊ,

शेवटची ओळ वाचली म्हणून उत्तर देते आहे. नाहीतर पत्र चुलीत गेलं असतं.

आहे इथेच. त्याच संध्याकाळी आली, कोबीच्या ट्रकमधून. अंगाला कोबीचा वास, झोळी काळी झालेली. दारात उभी राहून म्हणाली, "सायकल राहिली होती."

मी म्हटलं, "आहे तिथेच आहे."

मग आम्ही दोघी थोडा वेळ सायकलीकडे बघत बसलो, जशी काही ती बोलणार होती.

काय झालं ते ऐका. गाडीत तुमचे जावई खुशीत होते. आपणहून सांगायला लागले, की तुमच्या खोलीत आता फ्रेमची खोकी रचली आहेत, तुम्ही दुकानाच्या माळ्यावर झोपायचं. शिडी जरा उभी आहे, पण सवय होईल. हात झोळीत असलेल्या बाईला शिडी! ती "हो" म्हणाली. पण पंपावर उतरल्यावर तिच्याच्यानं गाडीकडे पाऊल उचलेना. तिथे गाड्यांच्या काचा पुसणारी एक बाई होती. तिला हिनं विचारलं, "उलट्या दिशेनं कोणी जाणारं आहे का?" त्या बाईनं झोळीकडे बघितलं, पांढऱ्या पँटीकडे बघितलं, एक प्रश्न विचारला नाही. हिला मागच्या बाजूनं नेऊन कोबीच्या ढिगाशेजारी बसवलं आणि ट्रकवाल्याला दम दिला, "हळू चालव." तुमचे जावई विचारायला आले तेव्हा तीच बाई म्हणाली, काही माहीत नाही. अशी माणसं खरोखर असतात तर! मला हे मान्य करायला लागतंय, याचा राग वेगळा.

दोन अंडी खाऊन ती झोपली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. अंथरूण तसंच टाकून बाहेर आली.

नंतर म्हटलं, "तुम्ही गाडीत बसलात तेव्हा मला तुमची लाज वाटली."

"मलाही वाटली," ती म्हणाली. "पण खोली तुम्हीच मागितलीत."

"मी दिवसभर सगळ्यांकडे काहीतरी मागते. देतं कोण?"

यावर ती हसली. या वेळी स्वतःच्या बाजूनं.

डॉक्टर म्हणतो हाड छान जुळतंय. ती पुढे जाणार आहे, समुद्रापर्यंत. मी सांगितलं, वाटेत चोर आहेत, कुत्री आहेत, पुरुष आहेत. सांगितलं, हाड कच्चं आहे, अक्कल त्याहून कच्ची आहे. ऐकत नाही. तुम्हाला तीस वर्षं "हो" म्हणत आली, आणि "नाही" म्हणायला शिकली ती माझ्यावर! तुमच्या घराण्याची ही देणगी मला चांगलीच भोवली.

गरम कपडे मी दिले आहेत. माझे आहेत, तिला ढगळ होतात. पोत्यात घातलेल्या काडीसारखी दिसते.

गादीवाली


८ जून

दादास,

तुझी पत्रं गादीवालीनं मला वाचायला दिली होती. तिची उत्तरं मात्र दाखवली नाहीत, पण काय लिहिलं असेल ते मला कळतं.

मी समुद्रावर पोचले. खांदा दुखतो, पण हात वर जातो. समुद्र मोठा आहे. त्याबद्दल लिहायला मला काही सुचत नाही, म्हणून वाटेबद्दल लिहिते.

पुढच्या वाटेवर सगळेच चांगले भेटले असं नाही. एकानं मुद्दाम चुकीचा रस्ता सांगितला आणि मी वळल्यावर मागे मित्रांबरोबर हसत राहिला. एका घरी पाणी मागितलं, तर बाईनं तोंडावर दार लावलं. कोणीतरी हवेचा पंप नेला. मला वाटलं, दादा म्हणतो तेच खरं.

पण दर मुक्कामाला एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. लॉजच्या दारात कोणीतरी माझी वाट बघत उभं असायचं आणि बघताच ओरडायचं, "ती मूर्ख सायकलवाली तूच का? केव्हाची खोली अडवून ठेवलीय! उशीर का?" एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या ठिकाणी मी विचारलंच. तेव्हा कळलं, या रस्त्यावरच्या सगळ्या लॉजना गाद्या गादीवालीच पुरवते. मी निघाले त्या दिवसापासून ती एकेकाला फोन करून शिव्या देत होती, की एक बिनडोक बाई येईल, तिला जागा द्या. तिथल्या स्वयंपाक्यानं मला सांगितलं, "ती म्हणालीय, डाव्या खांद्याखाली उशी द्या. मागणार नाही ती, तिला मागता येत नाही." उशी आधीच ठेवलेली होती.

माझ्यासमोर ती या कशाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. निघताना तर म्हणाली होती, "गेलात एकदाच्या, खोली मोकळी झाली."

तू लिहिलंस, परक्यांची माया चार दिवसांची. असेल. मी रोज नवे परके बघितले, मला पुरली. आणि तुमचं ते प्रेमाचं हसणं. वहिनींना ठसका लागला तेव्हा उठून पाणी मीच आणून दिलं होतं, आठवतं? मी वाटभर त्यावर विचार केला. आधी स्वतःची कीव आली. मग तुमची आली. आठ-नऊ माणसं जेवायला बसलेली आणि एकालाही वाटलं नाही, की हिला जाऊन येऊ दे. किती लहान आहात रे तुम्ही सगळे. मी इतकी वर्षं मान वर करून तुमच्याकडे बघत आले, ती मीच खाली बसलेली होते म्हणून.

हे असं लिहायला मला आवडतं आहे. पूर्वी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

हाताचं डॉक्टरला दाखव. वयामुळे म्हणून सोडू नकोस. बाबांचाही असाच कापायचा आणि त्यांनीही लपवलं होतं. दुकानाला माणूस ठेव आणि त्याला माणसासारखं ठेव. जावयांना पाठवू नकोस. माझ्या खोलीत खोकी राहू देत, मी येणार नाही.

कुठे राहणार, असं तू विचारशील. आज सकाळी लॉजवरून गादीवालीला फोन लावला. म्हटलं, "पोचले."

"मग मी काय करू?"

"परत तुमच्याकडे आले तर चालेल का? राहायला."

पलीकडे कापूस पिंजायचं मशीन चालू होतं. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. मग मशीन बंद झाल्याचा आवाज आला.

"उन्हं चढायच्या आत निघत जा," ती म्हणाली. "बावळट कुठली."

तुझी बहीण